ट्रायकोडर्मा रीसाय: पीईजी की अ‍ॅग्रोबॅक्टेरियम? काही महिने दोन्ही वापरल्यावर

ट्रायकोडर्मा रीसाय या बुरशीच्या सेल्युलेज (सेल्युलोज तोडणारं एन्झाइम) जनुकांवर काम सुरू केलं तेव्हा तिच्यात नवा डीएनए घालायला सगळ्यांचा सल्ला एकच होता: पीईजी-प्रोटोप्लास्ट, म्हणजे पेशीची भिंत काढायची आणि उरलेल्या उघड्या पेशीत (प्रोटोप्लास्ट) पीईजी या रसायनाच्या मदतीने डीएनए घालायचा. या बुरशीसाठी ही पद्धत १९८७ पासून चालत आली आहे, खर्चही बेताचा. पद्धत चांगलीच आहे. पण सगळं अडतं ते भित्तिका विरघळवणाऱ्या एन्झाइमपाशी.

हे एन्झाइम शुद्ध नसतं. ट्रायकोडर्मा हार्झियानमपासून काढलेलं ते मिश्रण असतं (म्हणजे रीसायची भिंत तिच्या भावकीकडूनच पाडून घ्यायची!). लॉट बदलला की सगळं गणित बदलतं. एका लॉटने दीड तासात टपोरे गोल प्रोटोप्लास्ट दिले, पुढच्याने तेवढ्याच वेळात नुसते अर्धवट कुरतडलेले तंतू. म्हणून घड्याळावर विसंबत नाही. थोड्या थोड्या वेळाने थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. नोव्होझाइम २३४ हे असंच जुनं एन्झाइम मिश्रण वापरलेले सीनियर अजून त्याची आठवण काढतात. ते बाजारातून केव्हाच गेलं. प्रोटोप्लास्ट टिकवणारं सॉर्बिटॉल मात्र १.२ मोलर, अगदी प्लेटमधल्या माध्यमापर्यंत. तिथे काटकसर केली की प्रोटोप्लास्ट फुटलेच.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू डीएनए स्वतःच पेशीत पोचवतो, त्यामुळे त्यात ही कटकट नाही, थेट बीजाणू चालतात. तंतुमय बुरशींत हे जमतं, हे १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या गटाने दाखवलं. २०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन (जिवाणूला डीएनए पाठवायला चालना देणारं रसायन), २५ अंशांच्या आसपास तापमान, पातळ पडद्यावर (मेम्ब्रेन) जिवाणू आणि बीजाणूंची दोनेक दिवस एकत्र वाढ, मग जिवाणू मारायला सेफोटॅक्सिम. बहुतेक वेळा डीएनएची एकच प्रत जिनोममध्ये बसते, हे मोठं सुख. पण बायनरी व्हेक्टर (जिवाणूतून डीएनए नेणारं प्लाझमिड) बांधण्यात आठवडे जातात, आणि डीएनए कुठेही जाऊन बसतो. ठरावीक जनुक काढायचं असेल तर मी पीईजीच घेते, तेही केयू७० हे जनुक काढलेल्या स्ट्रेनमध्ये. तिथे तुटलेली टोकं कशीही जोडणारी यंत्रणा बंद असते, त्यामुळे डीएनए बहुतेकदा हव्या त्या जागीच जातो.

जीन गन (कणांच्या माऱ्याने डीएनए घालणं) आणि इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने) एकेकदा करून सोडून दिलं.

खरा वेळ खातं ते नंतरचं काम. हायग्रोमायसिन या प्रतिजैविकावर आलेली कॉलनी म्हणजे ट्रान्सफॉर्मंट (नवा डीएनए पक्का बसलेली बुरशी) हाती आला असं नव्हे. तंतूत अनेक केंद्रकं, त्यातल्या काहींतच नवा डीएनए. पीसीआर या डीएनए-तपासणीत मूळ जनुकाचा पट्टाही शेजारी दिसतोच. एका बीजाणूपासून कॉलनी वाढवायची, आणि तो पट्टा जाईपर्यंत हेच पुन्हा करायचं.

पाचपैकी पीईजीला चार, अ‍ॅग्रोला साडेतीन. एन्झाइमचा चांगला लॉट सापडला की प्रकल्पभर पुरेल एवढा एकदमच मागवा.