अंदमानचं तिकीट खरं होतं, तरीही पैसे गेले

परभणी, नांदेड, लातूरकडून अंदमानचा बेत आखत असाल तर हे आधी वाचा. ज्या पद्धतीने आम्हाला लुबाडलं, त्यात तिकीट खोटं नव्हतंच. एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला तर सगळ्यांची नावं, सीट, 'कन्फर्म' सगळं बरोबर दिसत होतं.

आमचं घर आणि दोन्ही नणंदांची कुटुंबं मिळून जायचं ठरलं. आबांना सेल्युलर जेल बघायचं होतं, पोरांना समुद्र. देवगिरीने सिकंदराबाद, हैदराबादहून चेन्नईमार्गे श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर. एजंट संभाजीनगरचा, नात्यातल्या एका लग्नात ओळख झालेला. बोलायला गोड. "ताई, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी माझ्यावर सोडा."

अर्धे पैसे दिले, तिकिटं व्हॉट्सॲपवर आली. मुलाने साइटवर तपासली, मग उरलेले दिले. त्यानंतर त्याने ती तिकिटं गुपचूप कॅन्सल केली. बुकिंग त्याच्या खात्यातून झालेलं, त्यामुळे रिफंड त्याच्याकडेच परत गेला. मोबाइल नंबर आणि ईमेलही त्याचेच घातलेले, म्हणून कॅन्सल झाल्याचा मेसेज आमच्यापैकी कोणालाच आला नाही. वेब चेक-इन करायला बसलो तेव्हा कळलं. फोन लावला तर आधी "सर्व्हर डाउन आहे ताई, संध्याकाळपर्यंत होतंय", मग स्विच ऑफ. दीर गाडी काढून संभाजीनगरला गेले, तर ऑफिसचं शटर बंद आणि बाहेर आमच्यासारखीच माणसं उभी.

स्वराज द्वीपवरच्या, म्हणजे हॅवलॉकच्या हॉटेलला मी स्वतः नंबर शोधून फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, "तुमच्या नावाने चौकशी आली होती, पैसे नाही आले." व्हाउचर मात्र आमच्या हातात होतं. पावतीवर गणपतीचं चित्र, खाली गोल शिक्का, जीएसटी नंबर कुठेच नाही. पैसे गेले ते एका बाईच्या वैयक्तिक खात्यात.

त्याच्या कोटेशनमध्ये 'जारवा दर्शन परमिट' अशी एक ओळ होती, माणशी वेगळे पैसे. जारवा ही तिथली आदिवासी जमात, आणि असं परमिट कोणालाच मिळत नाही. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून गाड्या ताफ्यानेच सोडतात. वाटेत थांबणं, फोटो काढणं, त्यांना खायला देणं, सगळ्याला बंदी आहे. आदिवासींच्या संरक्षणासाठीचा तिथला कायदा 1956 पासूनचा आहे. जिवंत माणसं बघायला नेतो म्हणून पैसे घेणारा माणूस बाकी कशात खरं बोलणार? एवढ्या एका ओळीवरूनही असा एजंट ओळखता येतो.

तारखा त्याने मेअखेरच्या दिल्या होत्या, 'समुद्र एकदम शांत, ऑफ सीझनचा रेट' म्हणून. मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी आपल्याकडचा प्रत्येक शेतकरी मे महिन्यात डोळ्यात तेल घालून वाचतो. त्याच दिवसांत तिथला समुद्र खवळतो आणि बेटांमधल्या फेऱ्या रद्द होऊ शकतात. स्वस्तात मिळतंय म्हणून त्या तारखा घेऊ नका.

तिकीट एजंटकडून काढलंच, तर बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच घालायला लावा. शक्य तर विमानाचं तिकीट घरूनच, तुमच्या कार्डावर काढा. रिफंड झाला तर तुमच्याकडेच येईल. पीएनआर एकदा तपासून सोडून देऊ नका, दर आठवड्याला बघा. हॉटेलला स्वतः शोधलेल्या नंबरवर फोन करून विचारा: "पैसे पोहोचले का?" 'बुकिंग आहे का' एवढंच विचाराल तर 'हो' म्हणतील.

आम्ही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती जितक्या लवकर कराल तितकी समोरच्याच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आमच्या वेळी पैसे कधीच काढून घेतलेले होते. पोलिसांत अर्ज दिलाय आणि परभणीच्या ग्राहक आयोगातही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, संभाजीनगरला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. पावत्या, चॅट, बँकेचं स्टेटमेंट सगळं जपून ठेवा, पहिल्या दिवसापासून.

कोणी एजंटकडे पैसे भरून बसलं असेल, तर आत्ता साइट उघडा आणि पीएनआर टाकून बघा.