कोरड्या वाळूची साठ पावलं: फुगीर चाकांच्या खुर्चीचे आठ महिने

गुहागरला सुरूच्या झाडांची सावली संपते तिथपासून ओल्या वाळूपर्यंत ओहोटीच्या वेळी माझी साठ पावलं भरतात. मी मोजली आहेत, एकदा नाही, बऱ्याचदा. आमच्या घरासाठी समुद्र म्हणजे आधी ही साठ पावलं, पाणी नंतर.

लेक नऊ वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी, चारही हातापायांत ताठरपणा. मान थोडा वेळ धरते, बसायला सगळीकडून आधार लागतो. पाच वर्षांची होईपर्यंत तिला कडेवर घेऊन आम्ही पाण्यापर्यंत जायचो. मग ती वाढली, माझी कंबर धरली, आणि ते थांबलं. चिपळूणहून गुहागर ४५ किलोमीटर, त्यामुळे पाहुणे आले की जाणं व्हायचंच. पण आम्हा दोघांपैकी एकजण तिच्यासोबत गाडीत आणि दुसरा धाकट्याबरोबर पाण्यात. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. त्या चार वर्षांतला समुद्रावरचा एकही फोटो असा नाही की ज्यात आम्ही चौघं आहोत.

तिची रोजची व्हीलचेअर वाळूत नेऊन पाहिली होती. पुढची छोटी चाकं दोन पावलांत आसापर्यंत रुतली आणि लेक पुढे झुकली. पट्टा होता म्हणून पडली नाही. तिथल्या घोडागाडीवाल्या काकांनी लांबून पाहिलं आणि हाक मारली, "ताई, उलटी ओढा. पुढची चाकं उचला आणि मागे मागे चला." ही युक्ती खरी आहे. ज्यांच्याकडे साधी व्हीलचेअरच आहे त्यांनी ओल्या, घट्ट वाळूवर बिनधास्त करावी. कोरड्या वाळूत मात्र दोन धडधाकट माणसं लागतात आणि तिसावं पाऊल टाकेपर्यंत दोघंही घामाघूम होतात.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही फुगीर चाकांची खुर्ची करून घेतली. परदेशात अशा खुर्च्या तयार मिळतात, पण इथे मागवायच्या तर किंमत लाखांत जाते. आम्ही फक्त चाकं मागवली. मागे दोन मोठी, पुढे दोन लहान, चारी मिळून पस्तीस हजारांच्या आसपास गेले. सांगाडा ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलच्या पाइपचा करून घेतला, त्याचे अकरा हजार. बसायची जाळी आणि पट्टे शिवायला दीड हजार. रक्कम मोठी आहे, हे मला माहीत आहे. आमच्या दोन वर्षांच्या सहली आणि माझी भिशी यात गेली.

ही चाकं ट्यूबच्या टायरसारखी नसतात. मऊ, भोपळ्यासारखी, आणि हवा इतकी कमी की अंगठ्याने दाबलं की आत जातं. तेच त्यांचं काम. वजन पसरतं, चाक वाळूवर बसतं, कापत जात नाही. हे आम्हाला तेव्हा नीट कळलं नव्हतं. दुसऱ्या फेरीच्या आधी ह्यांनी पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरने हवा मारून आणली. चाकं टणक झाली आणि खुर्ची जुन्या व्हीलचेअरसारखीच रुतायला लागली. त्यात गाडीच्या डिकीत उन्हाने हवा आणखी फुगली. आता हातपंप ठेवलाय. घरून निघताना चाक थोडं सैलच ठेवायचं, समुद्रावर पोचल्यावर दाबून बघायचं.

दुसरी चूक लोखंडाची. सांगाडा स्टेनलेसचा, पण बोल्ट आणि आस साधे लोखंडी बसवले होते. करणाऱ्यालाही सुचलं नाही, आम्हीही विचारलं नाही. डिसेंबरात एक चाक फिरेनासं झालं. खोललं तर आत तांबडा चिखल, गंज आणि वाळू एकत्र. बेअरिंगचे छर्रे जाम. मग सगळे बोल्ट स्टेनलेसचे घातले आणि बेअरिंग काढून नायलॉनचे बुश, म्हणजे छर्रे नसलेल्या साध्या नळ्या, बसवले. बुशात वाळू गेली तरी पाण्याने धुतली की निघते. कोणी करून घेणार असाल तर स्टीलवाल्याला ३१६ नंबरचं आहे का विचारा. आमचं ३०४ आहे आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुऊनही सांध्यांवर तांबूस डाग आलेत.

आता मुख्य गोष्ट. खुर्ची कितीही चांगली असली तरी वेळ चुकली तर सगळं फुकट. वेळ म्हणजे घड्याळ नव्हे, पाणी. माझे सासरे जुन्या पद्धतीने तिथीला पाऊणपट करून भरती काढतात. पौर्णिमेचे पंधरा, त्याचे पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि सव्वासहा तासांनी, साडेपाचला, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मी निघण्याआधी भरतीचं वेळापत्रकही बघते, पण महिन्याचं नियोजन तिथीवरच करते. आमचा दिवस ठरलेला: पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आसपासचा शनिवार-रविवार. तेव्हा उधाण असतं, म्हणजे ओहोटीही खोल जाते, आणि संध्याकाळी ऊन उतरलेलं असताना भलीमोठी ओली वाळू उघडी पडते. सपाट आणि घट्ट. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी बारा वाजता, तीही भांगाची, पाणी फार मागे हटतच नाही.

ओहोटीच्या एक तास आधी आम्ही वाळूवर उतरतो. त्यानंतर दोन तास आपले. पाणी वर चढताना दिसलं की निघायचं, त्यात तडजोड नाही.

पहिल्या दिवसाचं सांगते. साठ पावलं सहा मिनिटांत झाली. मी एकटीने ढकलली, हे मागून नुसते चालत होते, काही झालं तर म्हणून. ओल्या वाळूवर आल्यावर खुर्ची अचानक हलकी झाली आणि मला पळावंसं वाटलं. पळालेही. धाकटा शेजारून ओरडत. मग पाण्याच्या कडेला थांबलो. लेकीची बोटं कायम मुठीत वळलेली असतात, फिजिओच्या टेबलावरही सहज उघडत नाहीत. मी ओल्या वाळूचा गोळा तिच्या मुठीवर ठेवला. गार लागलं तशी मूठ आधी आणखी आवळली. मग एकेक बोट सुटलं, वाळू बोटांमधून ओघळली, पुन्हा मूठ. पुन्हा गोळा. अर्धा तास आम्ही एवढंच केलं. धाकटा गोळे करून देत होता आणि प्रत्येक गोळ्याला नंबर देत होता. एकेचाळीस झाले.

आठ महिन्यांत अकरा वेळा गेलो. नऊ वेळा गुहागर, एकदा दापोलीजवळचं कर्दे, एकदा श्रीवर्धन. कर्द्याची वाळू सगळ्यात घट्ट, खुर्ची जणू रस्त्यावर चालते. पण तिथे वाळूवर गाड्या फिरवतात. कानाजवळून गाडी गेली की लेक दचकते आणि दचकली की सगळं अंग ताठ होतं. म्हणून आम्ही परत गुहागरलाच. श्रीवर्धनला किनाऱ्यालगत बांधलेला लांब पदपथ आहे. ज्यांना वाळूत उतरायचंच नाही, फक्त वारा आणि लाटा हव्यात, त्यांनी रोजच्या व्हीलचेअरवर तिथे जावं.

एक प्रसंग लपवणार नाही, कारण तो वाचून कोणाचं तरी मूल वाचेल. जानेवारीत धीर चेपला होता. खुर्ची गुडघाभर पाण्यात नेली. फुगीर चाकं तरंगतात, हे मला माहीत होतं, पण तरंगणं म्हणजे काय ते कळलं नव्हतं. एक मोठी लाट आली, पुढची चाकं उचलली गेली आणि खुर्ची पाठीवर जायला लागली. ह्यांनी पाठीमागची दांडी धरली होती म्हणून सावरली. लेकीच्या तोंडावरून पाणी गेलं. खोकली, रडली, दहा मिनिटांनी शांत झाली. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. ही खुर्ची वाळूसाठी आहे, पोहण्यासाठी नाही. आता आमचा नियम: घोट्याएवढं पाणी, खुर्चीचं तोंड किनाऱ्याकडे नाही, समुद्राकडे, म्हणजे लाट येताना दिसते. एकजण पाठीशी, एकजण समोर, आणि कमरेचा पट्टा एका झटक्यात सुटणारा. लाइफ जॅकेट घेतलंत तर मानेमागे गादी असलेलंच घ्या. मान न धरणाऱ्या मुलाला साधं जॅकेट पालथं करू शकतं.

उन्हाबद्दलही बोलायला हवं. लेकीला फिटसाठी टोपिरामेट चालू आहे. या औषधाने काही मुलांना घाम कमी येतो आणि अंग आतल्या आत तापतं. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी मार्चमध्ये एकदा दुपारी चार वाजता उतरलो आणि तिचे गाल लालबुंद, कपाळ कोरडं ठाक. घाम नाही म्हणजे बरं, असं वाटायचा तो क्षण खरा धोक्याचा असतो. ओला पंचा मानेवर, पाणी, सावली, आणि सरळ गाडीत एसी. तेव्हापासून, ओहोटी कितीही वाजता असो, साडेपाचच्या आधी वाळूवर पाय नाही. तुमच्या मुलाला फिटची औषधं चालू असतील तर समुद्रावर जाण्याआधी डॉक्टरांना हा एक प्रश्न विचाराच. आणि फिट आली तर द्यायचा नाकातला स्प्रे गाडीत नको, खुर्चीच्या खिशात हवा. गाडी साठ पावलं लांब असते.

सगळ्यात कठीण काय विचाराल तर खुर्ची नाही, वाळू नाही. कपडे बदलणं. नऊ वर्षांच्या मुलीचा डायपर बदलायला आडोसा कुठे आहे? स्वच्छतागृहात दोन पायऱ्या चढून जायचं, दार अरुंद, आत ओली फरशी. तिथे मी तिला झोपवू कुठे? पहिल्या तीन वेळा गाडीच्या मागच्या सीटवर काचांना ओढण्या लावून बदललं. आता एक छोटा तंबू आणि योगाची जाड चटई नेतो. तंबू आठशे रुपयांचा आहे आणि या सगळ्या खर्चात त्याच्याइतकं समाधान दुसऱ्या कशाने दिलं नाही. मुलगी मोठी होतेय, तिला तिचा पडदा मिळायला हवा. सोबत वीस लिटरचा पाण्याचा कॅन. पावलं सरळ धरून ठेवणाऱ्या स्प्लिंटमध्ये वाळूचा एक कण राहिला तरी दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येतो, म्हणून पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पुसूनच स्प्लिंट घालायचे.

फेब्रुवारीपासून आमच्यासोबत आणखी दोन घरं येतात. एका घरातला मुलगा बारा वर्षांचा, स्वमग्न. त्याला खुर्ची लागत नाही, पण वाळू पायाला लागली की तो किंचाळतो. त्याच्या आईने दोन महिने घरी परातीत वाळू ठेवून आधी बोट, मग तळवा अशी सवय केली. समुद्रावर तो मोजे घालून चालतो आणि पाण्याजवळ आला की स्वतः मोजे काढतो. कोणी सांगितलं नाही, हे त्यानेच ठरवलं. दुसऱ्या घरातली मुलगी लहान आहे, चार वर्षांची, तिला आम्ही लेकीच्या खुर्चीत पाळीपाळीने बसवतो. तीन घरं असली की उचलायला सहा मोठी माणसं असतात आणि कोणा ना कोणा आईला दहा मिनिटं नुसतं पाण्यात उभं राहता येतं. मी मार्चमध्ये उभी राहिले. बऱ्याच वर्षांनी.

जानेवारीत भावाकडे चेन्नईला गेलो तेव्हा मरीना बीचवरचा लाकडी रस्ता मुद्दाम बघून आलो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो अपंगांसाठी खुला झाला, २६३ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. दोन आठवड्यांतच मंदौस चक्रीवादळाने त्याचा पुढचा भाग मोडला आणि त्यांनी तो दुरुस्त केला. आम्ही लेकीला तिच्या रोजच्या, साध्या व्हीलचेअरवर त्यावरून नेलं. फुगीर चाकं नाहीत, तिथी नाही, उलटं ओढणं नाही. मी एका हाताने ढकलत होते. तिथे मला रडू आलं, आणि ते आनंदाचं कमी, रागाचं जास्त होतं. आपल्या साठ पावलांना २६३ मीटर लागणारही नाहीत. पावसाळ्यात गुंडाळून ठेवता येईल असा जाड पट्ट्यांचा गालिचा आणि त्याच्या टोकाला एक अशी खुर्ची, जी कोणीही तासभर वापरून परत करील, एवढ्याने काम होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात करमणुकीचा हक्कही लिहिलेला आहे. आम्ही तिन्ही घरांनी तसा अर्ज केला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही. ऑक्टोबरात पुन्हा जाणार.

सध्या खुर्ची पडवीत टांगलेली आहे, चाकांतली हवा काढून. टेकवून ठेवली तर चाकं एका बाजूने चपटी होतात. ज्यांना करून घ्यायची असेल त्यांनी पावसाळ्यातच सांगाडा टाकायला द्यावा, म्हणजे दिवाळीला हाताशी येते. आमची मापं देते, लेकीचं वजन २२ किलो धरून: बैठक १४ इंच रुंद, १३ इंच खोल. पाठ थोडी मागे कललेली, पण ढकलताना खुर्ची उलटणार नाही इतपतच, म्हणून मागचा आस पाठीच्या रेषेच्या चार इंच मागे घेतलाय. मांड्यांच्या मध्ये मऊ ठोकळा, नाहीतर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. पावलांखाली फळी हवीच, पाय लोंबते राहिले की ताठरपणा वाढतो. छातीचा पट्टा चार बिंदूंचा. आणि मापं घेताना आपल्या फिजिओला वर्कशॉपमध्ये सोबत न्या. आमच्या ताई आल्या होत्या, त्यांनी लेकीला तिथल्याच लाकडी बाकावर बसवून खडूने खुणा करून दिल्या. त्यातली एकही खूण नंतर बदलावी लागली नाही.