लेकीचा प्रिंटवाला कॅमेरा: नऊ महिन्यांनंतर

लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला, जूनमध्ये, लगेच प्रिंट देणारा लहान मुलांचा कॅमेरा घेतला. 1600 रुपयांना पडला. माझा बेत असा होता की तिचं रोजचं बारीकसारीक कौतुक मी टिपायचं: स्वतः लावलेलं पहिलं बटण, न सांडता संपवलेला वरणभात. फोनमध्ये हजारो फोटो पडून आहेत, बघतं कोण? पण पहिल्याच संध्याकाळी कॅमेरा तिच्याकडे गेला तो गेलाच.

तिने काय काय काढलंय! लसूण सोलणारे आजीचे हात. जिन्यातलं मांजर, बहुतेक वेळा फक्त शेपूट. 'शिट्टीचा फोटो' म्हणून कुकरचे 11. सगळं तिच्या उंचीवरून, त्यामुळे घरातल्या एकाही मोठ्या माणसाला डोकं नाही.

आता कामाचं. यात शाई नसते. कागदावर थर असतो, उष्णता लागली की तो काळा होतो. दुकानातल्या कार्ड मशीनची पावती असते तसंच. रोल 57 मिमी रुंदीचा, स्टेशनरीच्या दुकानातही मिळतो, फक्त जाडी बघून घ्या, मोठा आत बसत नाही. फोटो रुपयाच्या आत पडतो. फिल्मवाल्या इन्स्टंट कॅमेऱ्यात दर क्लिकला पन्नासच्या आसपास जातात, तिथे मी कुकरचा दुसराच फोटो काढू दिला नसता.

पण प्रिंट टिकत नाही. खिडकीजवळचे चार फोटो दोनच महिन्यांत पुसट झाले. तेलाचा हात, सेलोटेप, दोन्ही नडतात. दिवाळीत मी शहाणपणा केला: आजीच्या हातांचा फोटो झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट करायला दिला. मशीनमधून अख्खा काळा कागद बाहेर आला! तो बिचारा माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. लेक म्हणाली, "लाइट गेले." मेमरी कार्डात रंगीत मूळ फोटो असतो म्हणून वाचलो. कार्ड दर महिन्याला लॅपटॉपवर उतरवून घ्याच.

तेव्हापासून एक पाठकोरी वही केलीय. पानाला चार तिरक्या चिरा पाडून फोटोचे कोपरे त्यात खोचतो, डिंक नाही. रात्री ती सांगते, मी खाली लिहितो. "बाबा, लिही, हा कुकर ओरडायच्या आधीचा आहे." पुसट झालेल्यांवर ती रंगीत पेन्सिली चालवते. मांजर सध्या जांभळं आहे.

तक्रारी आहेतच. आत पाच फालतू गेम दिलेत, कशाला ते देवाला ठाऊक. काढून टाकता येत नाहीत. छापताना बॅटरी भराभर उतरते, पंचवीसेक प्रिंटनंतर चार्जिंगला लावावा लागतो. कमी उजेडात नुसता काळा गोळा. आणि अशा साध्या थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) कागदाच्या थरात बऱ्याचदा बीपीए हे अपायकारक रसायन असतं, तेव्हा पाकिटावर 'बीपीए-फ्री' लिहिलेला रोलच घ्या. आमच्याकडे कागद आधी तोंडात जातो.

रोल संपत आला की कागदाच्या कडेने गुलाबी पट्टा येतो. ही म्हणजे रोल बदलायची खूण, पण तिच्या लेखी ते बक्षीस. 'गुलाबी फोटो' ती राखून ठेवते, कुणालाही देत नाही. परवाचा गुलाबी फोटो माझ्या ऑफिसच्या बुटांचा आहे, दाराशी काढून ठेवलेल्या. वहीत खाली लिहायला लावलंय: "बाबा आला."