कपल थेरपी: आठ महिने, चौदा सेशन, आमचा अनुभव

लिहावं की नाही यात दोन महिने घालवले. पण थेरपी सुरू करण्याआधी मी मराठीत शोधलं तेव्हा एकतर शतावरी-अश्वगंधा विकणारे भेटले नाहीतर नवऱ्यासाठी कसं नटावं याच्या टिप्स, म्हणून लिहितेय.

आम्ही पुण्यात, लग्नाला नऊ वर्षं, मुलगी पाचची, सासूबाई आमच्याकडेच, टू बीएचके. मुलगी झाल्यापासून मला काही वाटेनासंच झालं. भांडण नाही, राग नाही, फक्त रात्री त्याने अंगावर हात टाकला की मी मनात उद्याच्या डब्याची भाजी ठरवायला लागायचे. मग महिन्यातून एकदा उरकून टाकायचं, कोरडेपणामुळे दुखायचं, आणि दुखलं की पुढच्या वेळी आणखीनच नको. एका गायनॅकला विचारलं तर तिने मान वर न करता सांगितलं, मूल झाल्यावर असंच असतं, अॅडजस्ट करा. आठशे रुपये घेतले त्याचे.

थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या सेशनला सगळं खोदून विचारलं, झोप किती, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन कधी तपासलं, दुखतं ते नेमकं कुठे, गोळ्या कुठल्या चालू आहेत. मी अँझायटीसाठी दोन वर्षं एस्सिटालोप्राम घेत होते आणि या प्रकारच्या गोळ्यांनी इच्छा कमी होऊ शकते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! (मनाने बंद करू नका प्लीज. मी सायकियाट्रिस्टशी बोलून डोस कमी करून घेतला, थोडा फरक पडला, सगळा नाही.) दुखण्यासाठी दुसऱ्या गायनॅककडे पाठवलं, आणि वॉटर बेस्ड लुब्रिकंट वापरा म्हणाल्या. आम्ही खोबरेल तेल वापरत होतो, त्याने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो हेही तिथेच कळलं.

मग होमवर्क. पहिला नियम, सेक्स बंद. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. याला सेन्सेट फोकस म्हणतात, मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० च्या सुमारास मांडलेली पद्धत. वीस मिनिटं एकाने दुसऱ्याला नुसता स्पर्श करायचा, छाती आणि खालचा भाग सोडून, मग उलट. पुढे काही करायचं नाही, इच्छा झाली तरी नाही.

पहिल्या रात्री तो भांडी घासून आलेला, हात गारठलेले, मोबाईलला टायमर लावला आणि माझ्या पाठीवरून असा हात फिरवायला लागला की जणू भिंतीला ओल आलीय का बघतोय. मला हसू आवरेना. तेवढ्यात बाहेरून मुलगी, "आई कडी का लावली?" संपलं.

पण तिसऱ्या आठवड्यात एकदा तो कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवत होता आणि टायमर वाजल्यावर माझ्या लक्षात आलं की आज डब्याची भाजी आठवलीच नाही. पुढे काही होणार नाही हे पक्कं माहीत होतं ना, म्हणून. आधी साधी मिठी मारली तरी मी अंग चोरायचे, कारण मिठी म्हणजे सुरुवात. यावर नवरा पाचव्या सेशनला जे बोलला ते मला अजून टोचतं, "मी हिला चहा करून दिला तरी हिला वाटतं मला काहीतरी हवंय."

मॅडमनी तेव्हा रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांचं २००० सालचं मॉडेल समजावलं. आधी इच्छा मग जवळीक असा क्रम सगळ्यांचा नसतो, अनेक बायकांना आधी निवांतपणा आणि जवळीक लागते, इच्छा मागून येते. मी इतकी वर्षं आधी भूक लागायची वाट बघत बसले होते. नवऱ्याने मध्येच फ्लिबान्सेरिनचं काढलं, ती बायकांची इच्छा वाढवण्यासाठी अमेरिकेत २०१५ ला मंजूर झालेली गोळी. मॅडम म्हणाल्या रोज घ्यायची, दारूच्या बाबतीत सांभाळायचं, आणि ट्रायलमध्ये फायदा काय, तर महिन्याला साधारण एखादी समाधानाची वेळ जास्त, तेवढाच. विषय तिथेच थांबला.

आता तक्रारी. दोन हजार सेशनचे, म्हणजे अठ्ठावीस हजार गेले. वर्कशीट सगळी इंग्रजीत. मराठीत बोलायला जावं तर एक शब्द पाठ्यपुस्तकातला आणि दुसरा शिवी, मध्ये काही नाहीच. र. धों. कर्वे १९२७ पासून मराठीत 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयावर उघड लिहीत होते आणि मी २ महिने 'तिकडे' 'तिकडे' करत होते.

आणि पाचव्या महिन्यात आम्ही आगाऊपणा करून नियम मोडला, परत दुखलं, मी परत आक्रसले, दोन आठवडे मागे गेलो.

आत्ता म्हणाल तर महिन्यातून दोन-तीनदा, दुखणं जवळपास नाही, आणि दोनदा मी स्वतः सुरुवात केली. आपोआप इच्छा होणं अजूनही क्वचितच. मंगळवार-शुक्रवार डबा नवरा करतो, भेंडी करपवतो, पण त्या दोन रात्री माझं डोकं रिकामं असतं आणि त्याचा परिणाम मला तरी गोळीचा डोस कमी करण्यापेक्षा जास्त वाटला.

सेशन ऑनलाइन, घरात जागा नाही म्हणून पार्किंगमध्ये गाडीत बसून करतो. परवा सासूबाईंनी विचारलं एकाआड शनिवारी गाडीत काय करता रे, हा म्हणाला ऑफिसची मीटिंग. "दोघांची एकाच ऑफिसात?" म्हणाल्या, आणि मुलीला घेऊन खाली बागेत निघून गेल्या. आता सेशनच्या शनिवारी न चुकता जातात.