पोळी आधी की भाकरी?

खोली घेऊन एकटं राहायला लागलात आणि कुकरमधलं वरण-भात जमायला लागलं, की पुढचा प्रश्न हाच. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आधी पोळी, भाकरी अवघड. मला हे अर्धंच पटतं.

पोळीत चुकायला जागा भरपूर, पण चूक निस्तरता येते. गव्हात ग्लुटेन असतं, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही. सैल झाली तर थोडं पीठ घाला, घट्ट झाली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. 2 वाट्या कणकेला साधारण वाटीभर पाणी, तेही थोडंथोडं. मळल्यावर 20 मिनिटं झाकून ठेवा. ही 20 मिनिटं वाचवायला गेलात की लाटलेली पोळी पोळपाटावरच आखडते. आणि नवशिक्याची पोळी वातड होते ती बऱ्याचदा तव्यामुळे. तवा नीट तापलेला नसला की पोळी भाजत नाही, नुसती वाळते. पहिला महिना घडीच्या पोळीच्या नादी लागू नका, साधा फुलका लाटा.

भाकरीला पोळपाट नको, लाटणं नको, तेल नको. परात, तवा आणि हात. पण ज्वारीत ग्लुटेन नाही, त्यामुळे चिकटपणा आपण आणायचा: उकळतं पाणी ओतून, आणि मग तळहाताने रगडून रगडून. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं.

माझी भाकरी परातीतून उचलली की हातात दोन तुकडे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा शेजारच्या सोलापूरच्या काकू आल्या. माझ्या थापण्याकडे त्यांनी बघितलंच नाही. डबा उघडला, पीठ चिमटीत धरलं. "कधी दळलंस रे हे?" दोन महिने झाले होते. "विरी गेलीय. कणकेत मिसळून धिरडी कर ह्याची." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा, जुन्या पिठात तो उरत नाही. दोन आठवडे मी हाताला दोष देत होतो!

म्हणून भाकरीचा निर्णय खरं तर गिरणीवर ठरतो. जवळ गिरणी असेल तर मालदांडी ज्वारी एक-एक किलोच दळून आणा. नुसती पाकिटंच मिळत असतील तर मुकाट्याने पोळी शिका. कणकेचं पाकीट चालून जातं, ज्वारीचं किती जुनं आहे ते तव्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

डबा न्यायचा असेल तरीही पोळीच. फडक्यात गुंडाळली की दुपारपर्यंत मऊ राहते, भाकरी तोवर कडक होते. पण रात्री एकट्याचंच ताट वाढायचं असेल तर वाटीभर पिठाच्या 2 भाकऱ्या, सोबत पिठलं, आणि कणीक भिजायची वाट बघणं नाही. गहू चालत नसेल त्यांना तर प्रश्नच नाही.

माझं विचाराल तर पंधरा दिवस फुलके, मग एखाद्या रविवारी ताजं पीठ आणून भाकरी. थापताना फाटत असेल तर खुशाल प्लॅस्टिकच्या कागदावर थापा, काकू बघत नसताना. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा, तिला पाण्याचा हात फिरवा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा. तेवढा उशीर झाला तर वर भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही.