अँटेनापॉड: शिलाई मशीनशेजारी आठ महिने

मी घरीच ब्लाउज शिवते. मशीनशेजारच्या फळीवर वीस वर्षं रेडिओ आहे, काटा सांगली केंद्रावर. पण मशीनची मोटर सुरू झाली की निवेदिका काय म्हणाली ते घरघरीत बुडतं, आणि रेडिओवर बुडालं ते गेलंच. "दोन वाट्या तांदूळ भिजवा आणि त्यात..." पुढचं बाहीच्या शिवणीत गेलं. असे कितीतरी पदार्थ माझे अर्धेच राहिलेत.

दिवाळीत भाच्याने जुन्या अँड्रॉइड फोनवर अँटेनापॉड हे पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकायचे कार्यक्रम, लावायचं ॲप टाकून दिलं. पैसे नाहीत, खातं उघडायला नको, ॲपच्या स्वतःच्या जाहिराती नाहीत. मला त्यातलं सगळ्यात आवडतं बटण म्हणजे दहा सेकंद मागे जाण्याचं. काज करताना निसटलेलं वाक्य परत कानात! रात्री झोपेचं टायमर लावते. बंद व्हायच्या बेताला फोन हलवला की पुन्हा चालू.

पॉडकास्ट म्हणजे दुधाचा रतीब, असं मी शेजारणीला सांगते. एकदा लावला की नवा भाग आपोआप दारात. ही सोय २०००-२००१ च्या सुमारास निघाली. डेव्ह वायनर या प्रोग्रामरने आरएसएस फीडमध्ये, म्हणजे संकेतस्थळावर नवं काय आलं ते ॲपला आपोआप कळवणाऱ्या यादीत, ध्वनिफितीचा पत्ता जोडायची जागा केली; त्याच्या मागे लागला होता एमटीव्हीचा जुना निवेदक ॲडम करी. नाव मात्र तिसऱ्याचंच. २००४ च्या फेब्रुवारीत गार्डियन या ब्रिटिश वर्तमानपत्रात बेन हॅमर्सली या पत्रकाराने या प्रकाराला काय म्हणावं म्हणून दोन-तीन शब्द सुचवले, त्यातला एक पॉडकास्टिंग. आयपॉड या ॲपलच्या खिशातल्या गाणी-यंत्रातला पॉड, ब्रॉडकास्ट म्हणजे प्रसारण, त्यातला कास्ट. आणि ब्रॉडकास्ट हा मुळात शेतीतला शब्द, बी फोकून पेरणं! सासूबाई वाफ्यात मेथी फोकायच्या तसं. हे कळलं तेव्हा मी मशीन थांबवून हसले. गंमत म्हणजे ॲपलने आयपॉड २०२२ मध्ये बंद केला, नाव राहिलं.

आता खोट. आपोआप डाउनलोड चालू ठेवून मी लग्नसराईत आठवडाभर काही ऐकलंच नाही, आणि फोन गच्च भरला. गिऱ्हाइकाने पाठवलेला गळ्याचा फोटो उतरेना. चूक माझीच, आता दोनच कार्यक्रमांचा रतीब आपोआप ठेवलाय. दुसरं, काही कंपन्या आपले कार्यक्रम स्वतःच्याच ॲपात कोंडून ठेवतात, फीड देतच नाहीत. ते इथे सापडत नाहीत. तिसरं, आयफोनवर हे मिळत नाही, म्हणून धाकट्या जावेला नुसतंच वर्णन ऐकवावं लागलं.

पाचपैकी साडेचार. रेडिओ अजून फळीवरच आहे. सकाळच्या बातम्या त्याच्यावरच ऐकते, मशीन सुरू करायच्या आधी.