ऑस्ट्रेलियन बाभूळ की रायझोबियमचं पाकीट? दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस भागातल्या सोयाबीनवाल्यांसाठी मत आधीच सांगतो: नत्रासाठी ऑस्ट्रेलियन बाभळीच्या भरवशावर राहू नका, बियाण्याला रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू, चोळा. बाभूळ स्वतः हवेतला नत्र धरत नाही, तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणूच ते काम करतात. तो नत्रही आधी झाडाला मिळतो, शेजारच्या पिकाला नाही.

२५० ग्रॅमचं पाकीट १० किलो बियाण्याला पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करायचं, मगच त्यात पाकीट कालवायचं; गरम पाण्यात जिवाणू मरतात. सोयाबीनची साल नाजूक असते, म्हणून बी जेमतेम ओलं होईल एवढंच द्रावण घ्या आणि हलक्या हाताने चोळा, नाहीतर साल सुटून उगवण घटते. बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

महिनाभराने तपासणी कराच. रोप हाताने उपटलं तर गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीच्या ढेकळासकट काढा, बादलीत धुवा आणि गाठ नखाने फोडा. आत लालसर गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नत्र मिळत नाही. कारणं बहुधा ठरलेली: पाकीट उन्हात पडलेलं, मुदत संपलेली, हरभऱ्याचं जिवाणू कल्चर सोयाबीनला लावलेलं, नाहीतर युरिया जास्त झालेला. आयता नत्र मिळाला की पीक गाठी धरायचं टाळतं.

बाभळीची खरी जागा जत, माणच्या मुरमाड माळावर. तिथे ती तग धरते, शेळ्याही फारसं तोंड लावत नाहीत. बियांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर भिजवा, नाहीतर उगवण रखडते. रोपाच्या पिशवीत त्याच जातीच्या जुन्या झाडाखालची मूठभर माती घाला, गाठी लवकर येतात. जळण चांगलं मिळतं, पण बुंध्याशी तोडल्यावर फुटवा जोमदार नसतो. आणि पानं म्हणून जे दिसतं ते चपटे झालेले देठ. चिवट असल्याने त्यांचा थर कुजायला फार वेळ घेतो.

काळ्या रानाच्या बांधावर मात्र नको. सावली आणि मुळं मिळून कडेच्या ओळी मारतात. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, पावसाळ्यात कोवळ्या फांद्या छाटून सरीत टाकल्या की पाला लवकर कुजतो.